एक फर्मा परक्या हातात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन वर्षांपूर्वी गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं संपादन त्यांच्या गळ्यात पडलं. अंक 31 वर्षं निघतो आहे. पानं 192, प्रती 700. त्यातल्या दीडशे-दोनशे दर वर्षी वाचनालयाच्या माळ्यावर जाऊन पडतात. अंक सुरू केला तो हायस्कुलात बदली होऊन आलेल्या एका सरांनी. 'घाटाखालचे मास्तर' म्हणून गाव त्यांना ओळखायचं. पुढं ते इथलेच झाले. आज ते 80 वर्षांचे आहेत, प्रमुख सल्लागार आहेत, एकही बैठक चुकवत नाहीत. पत्रलेखिका आठवीला त्यांच्याच वर्गात होत्या.

अंक मजकुरानं आणि रूपानंही शिळा झालाय, असं बाईंना वाटतं. गेल्या वर्षी त्यांनी अंकात आवाहन छापलं: 'अंक अधिक चांगला व्हावा यासाठी आपल्या सूचना जरूर कळवा.' 11 उत्तरं आली. सात जणांनी 'अंक वाचनीय व संग्राह्य' असं लिहिलं, तिघांनी सूचनेऐवजी कविता पाठवल्या, एकानं किंमत कमी करा म्हटलं. पुण्याच्या भाच्यानं एका डिझायनर मुलीला विचारलं, तर अख्ख्या अंकाच्या मांडणीचे 75,000 रुपये सांगितले. समिती म्हणते, त्यापेक्षा मुखपृष्ठाची स्पर्धा घ्या, फुकटात काम होईल. सर म्हणतात, अंकाला एक वळण आहे, ते मोडू नका. बाईंचा प्रश्न असा, की बाहेरच्या ताज्या कल्पना आणायच्या कुठून, आणि आणल्या तर त्या आत शिरणार कशा?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात 'सर' हा शब्द 17 वेळा येतो आणि 'वाचक' तीन वेळा. राग मानू नका. मी छापखान्यात मुद्रितं तपासत वाढलो, मोजण्याची खोड तिथली आहे. पण मोजल्यावर मनात आलं ते विचारतोच. तुम्हाला नव्या कल्पना हव्या आहेत, की तुमच्या मनातल्याच कल्पना कुणा परक्यानं बैठकीत येऊन बोलून दाखवायला हव्या आहेत? कारण तिसऱ्या पानावर तुम्ही स्वतःच लिहिलंय, की कथा ऐन रंगात आली की 'उर्वरित पान 143 वर' येतं ते तुम्हाला नको आहे. कविता उरलेल्या जागेत बूच मारल्यासारख्या छापल्या जातात ते नको आहे. आणि गावाचा अंक असून त्यात गाव शोधून सापडत नाही, याची तुम्हाला लाज वाटते.

ही यादी बाहेरून आलेली नाही, तुमचीच आहे आणि चांगली आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणालाही न विचारता यंदाच करा. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, पानांचा आराखडा आधी करावा लागतो एवढंच. परक्याला वकील म्हणून बोलावलं की त्याची फी आपण भरतो आणि खटला आपलाच राहतो. हे मी अनुभवानं सांगतोय.

आता खऱ्या प्रश्नाकडे. 'बाहेरचं' या शब्दाला तुमच्या समितीत थोडं घाबरतात असं दिसतं, म्हणून एक गोष्ट बैठकीत सांगायला हरकत नाही. मराठी दिवाळी अंक हीच मुळात बाहेरची कल्पना आहे. 1895 साली 'मासिक मनोरंजन' काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे बंगाली आडनावच लावून घेतलं. त्यांनी 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तो इंग्रजी मासिकांचे नाताळचे विशेषांक पाहून, असं सांगतात. म्हणजे नाव बंगाली, नमुना विलायती, आणि झालं ते इतकं मराठी, की आज फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर दिवाळी सुनी वाटते. तुमच्याच भागात, किर्लोस्करवाडीला, 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते नांगर करणाऱ्या कारखान्याचं पत्रक म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी त्याची दारं उघडी ठेवली, म्हणून पुढं त्याचं घरोघरी जाणारं मासिक झालं. नुसता नांगरांचा भाव छापत बसले असते तर आज ते नाव कुणी काढलं नसतं.

तर बाहेरचं घ्यावं हे ठरलं. पण तुम्ही ज्या रीतीनं मागितलंत, त्या रीतीनं ते मिळत नाही.

'सूचना जरूर कळवा' हे वाक्य मीही वीस वर्षं छापलं. त्यातून काय येतं ते तुम्ही पाहिलंतच. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. आज तुमच्या अंकाला नावं ठेवली, तर उद्या मंडईत तुम्हीच समोर येणार. मग माणूस 'वाचनीय व संग्राह्य' लिहून मोकळा होतो. 'संग्राह्य' हा शब्द तर मला फार धोक्याचा वाटतो. वाचला नाही, पण टाकवतही नाही, असा त्याचा बहुधा अर्थ असतो. कविता पाठवणारे तिघे मात्र प्रामाणिक आहेत. अंकात आणखी चांगलं काय हवं, तर आम्ही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

त्यातही वाचकाला सूचना विचारणं म्हणजे जेवणाऱ्याला पाककृती विचारणं. काय खटकलं हे त्याला जिभेवर कळतं, पण हिंग कमी पडलं की फोडणी कच्ची राहिली हे सांगणं त्याचं काम नाही. ते ओळखणं आपलं काम. आणि त्यासाठी तो काय म्हणतो यापेक्षा काय करतो ते पाहावं लागतं.

मी ज्या मासिकात होतो (ते आता बंद झालंय, नाव राहू द्या) तिथली एक फजिती सांगतो. आम्ही एका ललित लेखाचं पान फार देखणं केलं होतं. मागं गढीच्या जुन्या दरवाज्याचा फोटो, बदामी रंगात फिका केलेला, आणि त्यावर मजकूर. कार्यालयात सगळे खूष. वाचकांच्या पत्रांत कुणी वाकडा शब्द लिहिला नव्हता. त्याच महिन्यात माझी दाढ दुखायला लागली आणि मी दंतवैद्याकडे तीन संध्याकाळी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी आमचा अंक तिथल्या टेबलावर मीच ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी एका बाईंनी तो उचलला. उघडला तो मागून. आधी राशिभविष्य पाहिलं, मग व्यंगचित्रं, मग चाळत चाळत त्या आमच्या देखण्या पानावर आल्या. थांबल्या. मला बरं वाटलं. त्यांनी अंक जवळ धरला, मग लांब धरला, मग खुर्चीतच वळून ट्यूबलाइटखाली तिरका केला. पर्समधून चष्मा काढला, लावला, दोन ओळी वाचल्या असतील नसतील, आणि अंक मिटून मांडीवर ठेवला. नंतरची पंधरा मिनिटं त्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होत्या.

त्या बाईंना मी 'सूचना' विचारली असती तर 'छान आहे हो अंक' असंच उत्तर आलं असतं. पुढच्या महिन्यापासून आम्ही फोटोवर मजकूर छापणं बंद केलं. दाढही काढली.

तुम्हाला तर दंतवैद्याकडे जायची गरज नाही, तुमच्याकडे अख्खं वाचनालय आहे. अंकाशी संबंध नसलेली पाच माणसं निवडा. नर्स, कॉलेजातला मुलगा, कीर्तनाला न चुकता येणाऱ्या आजी, दुकानदार, आणि एखादा असा माणूस ज्यानं तुमचा अंक कधी हातातच घेतला नाही. एकेकाला गेल्या वर्षीचा अंक द्या आणि दहा मिनिटं गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल; 'तो लेख बघा ना' असं ओठावर येईल. गिळून टाका. अंक कुठून उघडला, बोट कुठं थांबलं, चष्मा कुठं चढला, पानं कुठं दोनदोन एकदम उलटली, एवढंच वहीत टिपा. शेवटी दोनच प्रश्न विचारा. यातलं उद्या शेजारणीला काय सांगाल? आणि यातली कोणती पानं फाडून काढली तर तुम्हाला पत्तासुद्धा लागणार नाही? दुसऱ्या प्रश्नावर लोक आधी हसतात आणि मग खरं बोलतात.

आणखी एक ठेवा तुमच्या कपाटात पडून आहे, त्याचा पत्रात उल्लेखही नाही. बहुतेक वाचनालयांसारखी तुमचीही दिवाळी अंक योजना असणार. सभासद वर्गणी भरतात आणि महिना-दोन महिने एकेक अंक बदलून नेतात. त्या योजनेची नोंदवही काढा. कोणता अंक किती हातांतून फिरला ते तारखेवार लिहिलेलं असतं. तुमचा स्वतःचा अंक त्या गठ्ठ्यात असेल, तर तो किती वेळा बाहेर गेला? आणि जे तीन अंक सगळ्यांत जास्त फिरले, ते टेबलावर घेऊन त्यांच्या कडा बघा. जी पानं वाचली जातात त्यांच्या कडा मळकट होतात, चिवड्याचं तेल लागतं. मोठमोठ्या सर्वेक्षणांना जे सापडणार नाही ते त्या तेलाच्या डागात सापडतं.

एवढं केल्यावर परक्या माणसाकडे जा. आणि त्याच्याकडे मत मागू नका, त्याला काम द्या.

माझा सल्ला एका वाक्यात असा, की यंदा अंकातला एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी 16 पानं, परक्याच्या हातात द्या. 192 पानं म्हणजे 16 पानांचे 12 फर्मे. त्यातले 11 तुमच्या वळणानं जाऊ देत, सरांची हरकत नसेल. बारावा मात्र पूर्णपणे दुसऱ्याचा. विषय त्यानं निवडायचा, माणसं त्यानं गाठायची, मांडणी त्यानं ठरवायची. समितीनं फक्त बदनामीचा किंवा कायद्याचा प्रश्न येत नाही ना, एवढंच बघायचं. 'हे वाक्य जरा सौम्य करा', 'इथं अध्यक्षांचा फोटो घाला' हे चालणार नाही, असं आधीच कागदावर लिहून घ्या. त्या पानांवर त्याचं नाव ठळक छापा. श्रेय त्याचं आणि बोलणीही त्यालाच. फर्मा वेगळाच छापला जातो, त्यामुळं कागद थोडा वेगळ्या रंगाचा वापरलात तर अंक न उघडताच कडेनं ती पानं दिसतील. प्रेसवाल्याशी मात्र आधी बोला. शिल्लक कागदात काम झालं तर खर्च फारसा वाढत नाही.

हा परका आणायचा कुठून? तुमच्या मनात पुण्या-मुंबईचा कुणी नामवंत आहे असं वाटतं. तो येईल, सत्कार घेईल, 'ग्रामीण भागात एवढं काम बघून थक्क झालो' म्हणेल आणि जाईल. मी तुमच्या गावातलेच परके शोधीन. प्रत्येक गावात शेकड्यांनी असतात. सून होऊन आलेली प्रत्येक बाई एके काळी परकीच असते. गावात पहिल्या वर्षी तिला काय विचित्र वाटलं, कोणता शब्द कळला नाही, कोणत्या रस्त्यानं एकटीनं जायचं नाही असं सांगितलं गेलं, हे कुणी तिला कधी विचारलेलं नसतं. वेगवेगळ्या पिढ्यांतल्या पंधरा बायकांकडून हे बोलतं करून लिहून घेतलं, तर 16 पानं अपुरी पडतील. ज्या गावाची तुम्हाला अंकात उणीव भासते ते गाव आपोआप तिथं उतरेल. बँकेच्या तुमच्याच शाखेत परप्रांतातून आलेला एखादा तरुण अधिकारी असेल, मोडकं मराठी बोलणारा. त्याच्या डोळ्यांना तुमचा आठवडी बाजार जसा दिसतो तसा तुम्हाला आता दिसूच शकत नाही. दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर ऊसतोडणीच्या टोळ्यांच्या पालांची वस्ती पडायला लागते. बीडकडून आलेली ती माणसं दर वर्षी पाच-सहा महिने तुमच्या गावाशेजारी राहतात, तरी 31 वर्षांच्या अंकांत त्यांची ओळ नसेल, अशी पैज लावायला मी तयार आहे. पण इथं एक काळजी घ्या. त्यांच्यावर कुणी कणव येऊन लेख लिहायचा नाही. त्यांच्यातल्याच कुणाला तरी बोलू द्यायचं. आणि टोळ्या अंक छापून झाल्यावर येतात, म्हणजे हे काम यंदाच्या हंगामात सुरू करून पुढच्या अंकाला लावावं लागेल.

तुम्ही गाव सोडून गेलेल्यांना विचारायचं म्हणताय, पुणे, मुंबई, दुबई, अमेरिका. विचारा, पण जपून. ही माणसं अंकावर फार प्रेम करतात, देणगीही देतात, आणि त्यांना गाव सोडलं त्या वर्षाचंच गाव हवं असतं. नदीत डुंबणं, गुऱ्हाळ, गॅदरिंग. त्यांच्या सांगण्यावरून अंक बदललात तर तो आणखी तीस वर्षं मागं जाईल.

आता डिझायनर मुलीचे 75,000. समितीला हा आकडा लुटीचा वाटला असं तुम्ही लिहिलंय. भागून बघा: पानाला 390 रुपये पडतात. एक पान मांडायचं, चित्रं बसवायची, दोनदा दुरुस्त्या करायच्या, त्याचे 390. तुमच्याकडे प्लंबर किती घेतो? तिची चूक नाही, तुमची मागणी मोठी होती. त्याच दरानं एका फर्म्याचे सव्वासहा हजार होतात, आणि तेवढे शुभेच्छांच्या दोन जाहिरातींत निघतात. तिलाच 16 पानं द्या. किंवा उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला शिकणारं कुणी बघा, मुंबईच्या जे. जे.त, पुण्याच्या अभिनवमध्ये, कोल्हापुरातही अशी मुलं आहेत. पण पैसे द्या, आणि काम देताना 'काहीतरी हटके करा' म्हणू नका. तीन ओळी पुरतात. आमचा वाचक बहुतेक पन्नाशीच्या पुढचा आहे. तो रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या दिव्यात वाचतो. त्याला कथा एका बैठकीत सलग वाचायच्या आहेत. चांगल्या डिझायनरला एवढ्यात दिशा कळते, आणि जिला कळत नाही तिला पानभर सूचना देऊनही कळणार नाही.

मुखपृष्ठाच्या स्पर्धेला मात्र माझा ठाम नकार आहे. चाळीस मुलं रात्री जागवणार, एकाला दोन हजार आणि प्रमाणपत्र, बाकीच्या 39 जणांचं काम रद्दीत. नैतिक भाग सोडा, व्यवहारानंही ते फसतं. चाळीस मुखपृष्ठांपैकी तीसांवर पणती आणि नऊवारीतली बाई असेल, आणि समिती मतदान करून जे कुणालाच खटकत नाही ते निवडेल. कुणालाच न खटकणारं मुखपृष्ठ तुमच्याकडे आत्ताही आहेच की.

सजावट म्हणजे डिझाइन हा समजही जरा बाजूला ठेवा. मधुकर पाटकरांनी 1951 साली 'आवाज' हा विनोदी दिवाळी अंक सुरू केला, त्यातली खिडकी आठवते ना? पानाला कापलेली चौकट, तिच्यातून दिसतं एक, आणि पान उलटल्यावर निघतं भलतंच. चावट होतं म्हणून लोक नाकं मुरडायचे आणि लपवून बघायचे. पण त्यात डिझाइनचं मर्म आहे: वाचकाच्या हाताला काहीतरी करायला लावलं. पान उलटणं हाच विनोद झाला. तुमच्या अंकात प्रत्येक पानाला चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट आहे (तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसली). ती कशासाठी आहे, असं एकदा बैठकीत विचारून बघा. ती काढलीत तर ओळ थोडी लांबवता येईल, अक्षर मोठं करता येईल.

अक्षरावरून आठवलं. या सगळ्यात ज्याला कुणीच विचारत नाही असा माणूस म्हणजे तुमचा डीटीपीवाला, संगणकावर पानं लावणारा. बाहेरच्या कल्पना बैठकीत मरत नाहीत, त्याच्या टेबलावर मरतात. डिझायनर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत मजकूर पाठवते, याच्याकडे मराठी अक्षरांची फार जुनी श्रीलिपी आणि पानं लावायचं तितकंच जुनं पेजमेकर. अक्षरं बदलताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, आणि शेवटच्या आठवड्यात तो सगळं आपल्या जुन्या साच्यात ओतून मोकळा होतो. त्याला दोष देऊ नका. त्याला घटस्थापनेपर्यंत अंक हातात द्यायचा असतो. म्हणून डिझायनर ठरली की तिची आणि याची गाठ जूनमध्येच घालून द्या, चहा पाजा, आणि एक पान दोघांकडून मिळून करून घ्या. मुंबईच्या 'एक टाइप'नं केलेल्या 'मुक्ता'सारखे चांगले देवनागरी फाँट मोफत मिळतात, तेव्हा खर्चाची सबब नाही. तेच पान चार प्रकारे छापून बघा: अक्षर आताचं आणि एका पॉइंटनं मोठं, ओळींतलं अंतर आताचं आणि थोडं सैल. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, तिला इंग्रजीपेक्षा जास्त हवा लागते. हे चारही नमुने संगणकावर बघू नका. ज्या कागदावर अंक निघणार त्याच कागदावर छापून वाचनालयाच्या टेबलावर आठवडाभर ठेवा. कोणता नमुना जास्त हाताळला जातो ते शिपाईमामा सांगतील.

आणि एक साधा देवघेवीचा मार्ग. शेजारच्या जिल्ह्यातला असाच एखादा वाचनालयाचा किंवा मंडळाचा अंक गाठा. तुम्ही त्यांचा अंक लाल पेन्सिल घेऊन वाचा, त्यांनी तुमचा वाचायचा. ते मंडईत भेटणार नाहीत, त्यामुळं खरं लिहितील. लागेल, पण तेही व्हायला हवं. 1969 साली तरुण कवी-लेखकांनी 'सत्यकथा' या मानाच्या वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली होती. जाळावासा वाटावा इतका तो अंक त्यांच्या लेखी महत्त्वाचा होता. तुमच्याकडे आलीत 11 गोड पत्रं.

बाहेरून आलेलं सगळंच घ्यायचं नसतं, हेही सांगतो. कुणी म्हणेल राशिभविष्य काढा, त्यानं दर्जा जातो. काढू नका. निम्मी माणसं तिथूनच अंकात शिरतात, त्या दाराला कुलूप लावून काय मिळवणार? कुणी म्हणेल सगळा अंक गुळगुळीत आर्ट पेपरवर काढा. दिव्याखाली तो चमकतो, डोळ्यांवर येतो, आणि टपालखर्च वाढतो तो वेगळाच.

आता सर. तुम्ही लिहिता, सरांना दुखवायचं नाही आणि सरांमुळं काही बदलत नाही. पण पत्राच्या पहिल्याच पानावर तुम्ही सहज एक ओळ लिहून गेला आहात, की सर बदली होऊन आले आणि लोक त्यांना घाटाखालचे मास्तर म्हणत. ताई, तुमच्या गावात पहिली बाहेरची कल्पना आणणारा माणूस तोच. गावातल्या कुणाला जे सुचलं नाही ते घाटाखालून आलेल्या मास्तरांना सुचलं, आणि गावानं त्यांना पहिला फर्माच काय, अख्खा अंक दिला. आज ते ज्याला 'वळण' म्हणतात, ते एके काळी त्यांनीच पाडलेलं आहे.

म्हणून फर्म्याचा विषय एकदम बैठकीत काढू नका. आधी एकट्या त्यांच्या घरी जा, माळ्यावरून पहिल्या वर्षाचा अंक शोधून सोबत न्या. परवानगी मागायला गेलात तर ते नाही म्हणतील, कारण परवानगी मागितली की वडीलधारी माणसं सहसा नाहीच म्हणतात. पहिला अंक काढायचं ठरलं तेव्हा 'हे असलं आपल्या गावात चालायचं नाही' असं कोण म्हणालं होतं, एवढंच त्यांना विचारा. नाव त्यांना अजून आठवत असेल.